डेकॅथलॉन: दहा खेळांचा एक आकडा कसा होतो?

रिसर्चला लागलात की कधी ना कधी एखादा 'कॉम्पोझिट इंडेक्स' गळ्यात पडणारच. वेगवेगळ्या एककांतली मोजमापं घ्यायची आणि त्यांचा मिळून एक आकडा करायचा. डेकॅथलॉनवाले हेच काम १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपासून करताहेत, आणि त्यांना लागलेल्या ठेचा आपल्या फार कामाच्या आहेत.

स्पर्धा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, पोल व्हॉल्ट, भालाफेक आणि शेवटी जीव काढणारी १५०० मीटर. (महिलांची हेप्टॅथलॉन सात प्रकारांची. स्वप्ना बर्मनने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ६०२६ गुणांनी सुवर्ण जिंकलं, ते यातलंच.)

आता सेकंद आणि मीटर यांची बेरीज कशी करणार? नुसते क्रमांक मोजावेत, तर १९६० चं रोम आठवा. तैवानचा सी. के. यांग दहापैकी सात प्रकारांत अमेरिकेच्या रेफर जॉन्सनच्या पुढे होता, तरी ५८ गुणांनी हरला. कारण उरलेल्या तिन्ही फेकींमध्ये जॉन्सन खूपच पुढे होता. म्हणजे 'कोण पुढे' एवढं पुरत नाही, 'किती पुढे' हेही मोजावं लागतं.

त्यासाठी गुणांचं टेबल असतं. धावण्याचं आजचं सूत्र असं: गुण = अ × (ब − वेळ)^क. १०० मीटरसाठी अ = २५.४३४७, ब = १८, क = १.८१. १८ सेकंद लागले तर शून्य गुण. खरी गंमत 'क' मध्ये आहे. तो १ असता तर प्रत्येक दशांश सेकंदाची किंमत सारखीच राहिली असती. १.८१ मुळे १३.० वरून १२.९ वर आलात तर १७ गुण वाढतात, पण ११.० वरून १०.९ वर आलात तर २२. वरच्या पातळीवरची सुधारणा जास्त अवघड, म्हणून तिला जास्त भाव. हा निसर्गनियम नाही हं, समितीने घेतलेला निर्णय आहे.

आणि निर्णय बदलतात. १९६३ मध्ये यांगने फायबरग्लासच्या पोलवर इतकी उंच उडी मारली की ती टेबलाच्याच बाहेर गेली. एकूण ९१२१ गुण, विश्वविक्रम. टोकियोच्या आधी नवं टेबल आलं, त्यात पोल व्हॉल्टचा हा फायदा आटला. १९६४ ला तो पाचवा आला (सगळा दोष टेबलाचा म्हणता येणार नाही).

दुसरं उदाहरण तर आणखी स्वच्छ आहे. १९८४ मध्ये डेली थॉम्पसनचे ८७९७ गुण झाले, युर्गन हिंगसेनच्या विक्रमापेक्षा फक्त एक कमी. अडथळा शर्यतीचा फोटो पुन्हा तपासल्यावर तो एक गुण मिळाला, दोघे बरोबरीत आले. मग १९८५ चं टेबल लावलं: थॉम्पसन ८८४७, हिंगसेन ८८३२. धावणं तेच, फेकी त्याच, आणि विक्रम एकट्या थॉम्पसनचा.

तुमच्या इंडेक्सवरही हाच प्रयोग करून बघा. भार आणि घातांक थोडे हलवा आणि क्रमवारी टिकते का ते तपासा. फक्त घातांक बदलताना 'अ' पुन्हा बसवा, नाहीतर एकाच घटकाचे गुण फुगतील किंवा कोसळतील आणि तुलनेला अर्थ उरणार नाही.