हंडा मोजणारे घड्याळ नाही

मनगटावरचे घड्याळ खरे तर पावले मोजत नाही. त्यातला ॲक्सेलरोमीटर हाताचे हेलकावे टिपतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. एप्रिल-मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या कसारा-डोळखांब पट्ट्यात विहिरीवरून घरी निघालेल्या बाईच्या हातात ते बांधून पाहा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा आणि हंड्याला धरलेला हात जागच्या जागी. घड्याळाच्या हिशेबात तिची बरीचशी पायपीट गळूनच जाणार. मुरबाडच्या खाचरात आवणीला वाकलेल्या बाईच्या कमरेला यंत्र लावले, तर दिवसभर ती जवळपास स्वस्थ होती असे ते सांगेल.

अर्धपोटी, अशक्त शरीराची हालचाल मोजायची कशी, हा पेच नुसता विहिरी-खाचरातला नाही; खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्याही तो चांगल्याच परिचयाचा आहे. ॲनोरेक्सिया नर्व्होसाचा रुग्ण अन्न टाळतो, वजन धोकादायक उतरते, आणि तरीही पुष्कळ जण चालत राहतात, बसायचे सोडून उभे राहतात, सतत पाय हलवतात. रुग्णाने सांगितलेला व्यायाम आणि यंत्राने टिपलेली हालचाल यांचा मेळ बसतोच असे नाही. 1967 मध्ये राउटेनबर्ग आणि कुझ्नेसॉफ या संशोधकांनी उंदरांना दिवसातून तासभरच खायला दिले आणि पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. उंदीर थकून बसण्याऐवजी अधिकच धावू लागले आणि खंगत गेले. याउलट, 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते मलूल झाले, हालचाल टाळू लागले. अर्धपोटी शरीर कामात काटकसर करते, ती अशी.

शहापूर-मुरबाडच्या बाईला ही काटकसर परवडत नाही. तिला आजार पळवत नाही आणि भूक बसू देत नाही. म्हणून नुसत्या पावलांच्या आकड्याला माझ्या लेखी किंमत नाही. पाऊल कुणाचे, पोटात काय, डोक्यावर किती, हे त्यासोबत हवेच.

खर्च झालेली ऊर्जा मोजण्याची भरवशाची पद्धत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड रूपे असलेले पाणी प्यायला द्यायचे आणि पुढचे दहा-चौदा दिवस लघवीचे नमुने तपासायचे. दोन्ही रूपे शरीरातून किती वेगाने कमी होतात, यातल्या फरकावरून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून उष्मांक कळतात. पण हे पाणी महाग, आणि गावोगाव वापरणे अवघड. ओझ्याचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा. केनियातल्या काही स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याइतके ओझे डोक्यावर घेऊनही जादा ऊर्जा खर्चत नाहीत, असा निष्कर्ष 1986 मध्ये ‘नेचर’मध्ये आला, पुढच्या अभ्यासांत तो सर्वत्र टिकला नाही. टिकला असता तरी 45 किलोच्या बाईला ही सवलत नऊ किलोंपर्यंतच. पंधरा लिटर पाणीच पंधरा किलो भरते, हंड्याचे वजन वेगळे.

महाराष्ट्रात यावर साधा, पण शहाणा उपाय झालेला आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत 1990 च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या माता-पोषण अभ्यासात सुमारे 800 गरोदर स्त्रियांना यंत्र न लावता प्रश्न विचारले: पाणी भरता का, धुणे किती, शेतात काय करता? उत्तरांवरून श्रमांचे गुण काढले. 2003 मध्ये शोभा राव आणि सहकाऱ्यांनी छापलेला निष्कर्ष असा, की श्रम जितके जास्त तितके बाळाचे वजन आणि डोक्याचा घेर सरासरीने कमी. आईचे आधीचे वजन हिशेबात धरूनही. आणि हा संबंध गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यातल्या श्रमांतही दिसला.

आदिवासी भागातली अमृत आहार योजना गरोदर बाईला चौरस जेवण देते, पण शेवटच्या तिमाहीत. तोवर अठरावा आठवडा केव्हाच मागे पडलेला असतो. अंगणवाडीत वजनाची नोंद होतेच. गरोदरपण कळल्यापासून त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा: आज पाण्याच्या खेपा किती, आणि त्यातल्या किती घरातला दुसरा कोणी करू शकतो?