सर्दी गेली, तरी घसा का खवखवतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते. घशाची खवखव, कोरडा खोकला आणि सारखे खाकरावेसे वाटणे मात्र त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते. शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिमेला, आंबा आणि विशाळगडच्या पट्ट्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची झोड असते. दारे-खिडक्या लावलेली, चुलीत ओले जळण आणि घरात एकाला झालेली सर्दी हा हा म्हणता सगळ्यांना, अशा दिवसांत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्याविषयीचे काही समज निरुपद्रवी आहेत. काही मात्र महागात पडतात.

गैरसमज : घसा अजून खवखवतो, म्हणजे जंतू आत बसलेले आहेत.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा विषाणू निघून गेलेला असतो; मागे राहते ते घशाचे सुजलेले, हळवे झालेले अस्तर. नाकातला शेंबूड घशामागून खाली उतरत राहतो, विशेषतः आडवे झाल्यावर. नाक चोंदल्याने झोपेत तोंडाने श्वास घेतला जातो आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत होतो. छातीत जळजळणे, आंबट पाणी वर येणे ही लक्षणे सोबत असतील, तर खवखवीचे मूळ पित्तात असू शकते.

गैरसमज : जोरात खाकरले की घसा मोकळा होतो.
वस्तुस्थिती : खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याने सूज वाढते, सूज आली की चिकटा वाढतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. हे चक्र तोडायचे तर खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा किंवा नुसता आवंढा गिळावा.

गैरसमज : कफ पिवळा-हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवेच.
वस्तुस्थिती : हा रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही तो दिसतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. जुलाब, पुरळ असा त्रास मात्र होऊ शकतो, आणि विनाकारण घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मागच्या खेपेची उरलेली गोळी किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेला डोस म्हणूनच टाळावा.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. खोकला-सर्दी नसताना अचानक ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग असू शकतो. तो ५ ते १५ वर्षांच्या मुलांत अधिक आढळतो. उपचार राहिले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. इथे डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावे लागते.

गैरसमज : दही, ताक, केळी खाल्ल्याने घसा बसतो.
वस्तुस्थिती : सर्दी विषाणूने होते, दह्याने नव्हे. एखाद्याला थंड पदार्थाने तात्पुरती खवखव जाणवत असेल तर त्याने तो टाळावा. पण आजारी मुलाचे खाणेपिणे बंद करू नये. घशाला ओलावा हवा असतो, म्हणून पाणी, पेज, कढण भरपूर द्यावे.

गैरसमज : घरगुती उपाय कुणालाही चालतात.
वस्तुस्थिती : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्या आराम देतात; हळद-दुधानेही बरे वाटते. मधाने खोकला हलका होतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. लहान मुलांना खोकल्याचे सिरपही मनाने देऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य यंत्रणेने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

गैरसमज : चुलीचा धूर आणि मिश्री सवयीचीच, त्यांचा घशाशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : ओल्या लाकडाचा धूर सुजलेल्या घशाला रोज नव्याने चुरचुरवतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती, विडी आणि गुटखा यांनी तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, धूम्रपानाने स्वरयंत्राच्याही.

गैरसमज : घसाच तर आहे, होईल बरा.
वस्तुस्थिती : बहुतेकांचा होतोही. पण पुढील लक्षणे दिसली तर थांबू नये.

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला : सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडे टिकू शकतो हे खरे, तरीही क्षयरोग नाही ना, याची खात्री करावी. संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल तर लगेच. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.
- तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला, गिळताना अडकणे, मानेत न जाणारी गाठ, एकाच बाजूचा घसा किंवा कान सतत दुखणे : कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.
- श्वास घेताना घरघर, लाळही गिळता न येणे, तोंड न उघडणे, घशात राखाडी पापुद्रा, मान सुजणे : ही तातडीची वेळ आहे. यात घशाचे गळू किंवा घटसर्पही असू शकतो. घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये. १०८ ला फोन करावा.

साध्या तक्रारीसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मलकापूरचे ग्रामीण रुग्णालय पुरेसे आहे. गरज पडल्यास तिथून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवले जाते. जाताना खोकला कधी सुरू झाला ती तारीख आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. डॉक्टरांना कफाच्या रंगापेक्षा या दोन गोष्टींचा उपयोग जास्त होतो.