गळाची काठी
गळाने मासे पकडताना दोर दूरवर टाकण्यासाठी व माशाचे हिसके झेलण्यासाठी वापरण्यात येणारी लवचिक काठी. नांदेड जिल्ह्यात गोदावरीच्या आणि लातूर जिल्ह्यात मांजरा व तेरणा या नद्यांच्या काठी राहणारे व्यावसायिक भोई मुख्यत्वे जाळी वापरतात; गळ हे प्रामुख्याने हौशी व घरापुरते मासे धरणाऱ्यांचे साधन होय.

परंपरागत काठी बांबूची असते. किनवटच्या पानझडी वनांत आढळणारा मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) जवळजवळ भरीव असल्याने तीस योग्य ठरतो. तो सावलीत वाळवून व मंद आचेवर सरळ करून त्यास तेल लावतात. एकोणिसाव्या शतकात याच जातीचा मानला जाणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने अमेरिकेत जाई. त्याच्या पट्ट्या जोडून तेथे उंची काठ्या बनवीत. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या, तर १९७० च्या दशकात कार्बनतंतूंच्या काठ्या प्रचारात आल्या.

काठीच्या निवडीबाबत मतभेद आढळतात. नव्या काठीचे पुरस्कर्ते तिचा हलकेपणा व न कुजण्याचा गुण पुढे करतात. बांबूला कीड लागते. पण तो स्वस्त असून गावातच दुरुस्त होतो, असे जुन्या काठीचे कैवारी म्हणतात. कार्बनतंतूंची काठी ठेच लागलेल्या जागी अकस्मात मोडू शकते. शिवाय ती विद्युत्‌वाहक असल्याने वीजतारांखाली प्राणघातक ठरते. ओला बांबूही वीज वाहू शकतो. म्हणून वळवाच्या गडगडाटात कोणतीही काठी हाती न धरणे इष्ट.