बापाची पट्टी

डोणगावात पुण्यतिथीचं भजन ठरलं की पहिला निरोप पेटीवाल्याकडे जातो, मांडववाल्याकडे नंतर. ओसरीवर सतरंजी पडते, तसबिरीला हार चढतो, पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लागते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांचा आवडता अभंग मी उचलला, तोही त्यांच्याच पट्टीत, काळी दोनमध्ये. अंतऱ्याला गळा फाटला. पेटीवाल्या काकांनी डाव्या हाताचा भाता थांबवला नाही, उजवा हात तेवढा काळी एकवर आणला आणि कानाशी म्हणाले, “थे तुया बापाची पट्टी व्हय, बाप्पा. तू तुही धर.”

तेव्हापासून या ‘पट्टी’चा माग काढतो आहे.

काळी एक, पांढरी चार, काळी पाच ही आपल्या गळ्याची मापं मुळात युरोपातल्या कळफलकाची. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि सूर उमटतो. १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात तारा नाहीत, हवेवर थरथरणाऱ्या पितळी जिभा आहेत. कळफलक मात्र पियानोचाच. हे वाद्य खुर्चीवर बसून, पायाने हवा भरत वाजवायचं. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताशी आणला आणि पेटी सतरंजीवर बसली. पियानोवर ज्याला ‘सी’ म्हणतात ती आपली पांढरी एक. आमच्या मेहकर तालुक्यातल्या ज्या भजन्याने पियानो कधी पाहिलाही नाही, तोसुद्धा आपला गळा त्याच पट्ट्यांवर मोजतो.

पेटीवर रागही होताच. तिच्यात मींड निघत नाही, दोन पट्ट्यांमधली श्रुती सापडत नाही. म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पियानोची अडचण आणखी वेगळी. त्याचा सूर उमटताक्षणी विरू लागतो, भात्याने त्याला तगवता येत नाही. आपला पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ सावलीसारखा चालतो. युरोपीय गीतांतला पियानो तसं करत नाही. शूबर्टच्या सहाशेहून अधिक गीतांत तो गायकाशी बोलतो, कधी त्याच्या आधीच काही सांगून मोकळा होतो.

घरच्या माणसासाठी गाण्याची रीत तिकडेही आहे. १८६५ च्या फेब्रुवारीत संगीतकार योहानेस ब्राम्सची आई गेली. तो हॅम्बुर्गला पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर त्याने ‘जर्मन रेक्विएम’ हे शोकगान हाती घेतलं. १० एप्रिल १८६८ रोजी, गुड फ्रायडेला, ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ते सादर झालं. त्यानंतर ब्राम्सने त्यात एकल स्त्रीस्वराचा एक भाग घातला. त्यात आईच्या सांत्वनाचा उल्लेख येतो. लंडनमध्ये ही रचना पहिल्यांदा उभी राहिली ती मात्र एका घरात. ७ जुलै १८७१ रोजी शल्यचिकित्सक सर हेन्री थॉम्पसन यांच्याकडे वाद्यवृंद नव्हता. गाणारे होते आणि एक पियानो होता. त्याच्यापुढे दोघं शेजारी बसली होती, थॉम्पसन यांची पत्नी केट लोडर आणि वृद्ध सिप्रियानी पॉटर. चार हातांनी त्यांनी सगळा वाद्यवृंद पेलला. हे वाचताना मला आमची ओसरीच दिसली.

घरच्या थोरांचं गाणं आपल्या पट्टीत धरण्याचं वऱ्हाडातलं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी गायक वसंतराव देशपांडे जन्मले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीची छाप आयुष्यभर वागवली, पण दीनानाथांची नक्कल केली नाही. लष्कराच्या हिशेब खात्यातल्या नोकरीत उमेदीची वर्षं गेली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरांत पोहोचले. ३० जुलै १९८३ रोजी ते गेले, तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता.

म्हणजे आजोबांसमोर बसून शिकणं त्याच्या वाट्याला आलं नाही. तो गंगाधरबुवा पिंपळखरे, उषा पटवर्धन, कुमार गंधर्वांचे चिरंजीव मुकुल शिवपुत्र यांच्याकडे शिकला. २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा उभं राहिलं तेव्हा खाँसाहेब त्यानेच केले. २०२२ मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात तर थेट आजोबांचीच भूमिका त्याच्याकडे होती, आणि त्यातल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात आजोबांच्या नावाने ‘वसंतोत्सव’ भरतो. ऐकणारे अर्थातच तुलना करतात. आजोबांचे कपडे घालून गायला बसल्यावर ती टळत नाही. पण कुमारांच्या वळणाची जी ओढ राहुलच्या गाण्यात ऐकू येते, ती त्याने स्वतः मिळवलेली आहे. आजोबांना दिलेल्या मानवंदनेत तो ती लपवत नाही.

काकांनी काळी एकवर हात आणला तेव्हा मला आधी लाज वाटली होती. वडिलांचं म्हणून जे गायचं, ते आपण खाली उतरवलं, असं. पुढच्या कडव्याला टाळकऱ्यांनी ओळ झेलली, आणि आतल्या खोलीत आई हलक्या आवाजात सोबत म्हणत होती. वडिलांच्या उंच पट्टीत तिला कधी साथ करता आली नव्हती.

यंदा पुतणी म्हणणार आहे. निरोप द्यायला गेलो तर काकांनी तारखेच्या आधी विचारलं, “पोरीची पट्टी कोणती?”

काळी चार.