लिथियमची बॅटरी लवकर का उतरते?



फवारणीचा पंप नवा होता तेव्हा एका चार्जिंगवर पंधरा टाक्या व्हायच्या, आता आठ टाक्यांतच मान टाकतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दुकानदाराला बोल लावण्याआधी ही बॅटरी आतून कशी चालते, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी शिशाची व ॲसिडची. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी निराळी. मोबाईल, विजेची स्कूटर व हल्लीचे बरेच पंप तिच्यावरच चालतात. चार्जिंग करताना लिथियमचे कण आतल्या ग्रॅफाइटच्या थरात जाऊन बसतात; वापरताना ते दुसऱ्या बाजूस परततात. फड आणि कारखाना यांच्यात उसाच्या गाड्या खेपा करतात, तसेच हे.

आता समजा, अधूनमधून एखादी गाडी वाटेतल्या चिखलात कायमची रुतली, तर हंगामाअखेर वाहतूक कमी होणारच. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ पापुद्रा धरतो. तो हवाच असतो, त्याने आतला द्रव सांभाळला जातो. पण पुढे तो जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम बाद होते. बॅटरी बसते ती अशी.

हे नुकसान दोन वाटांनी होते. एक वापराने. मोबाईलची बॅटरी साधारण ५०० पूर्ण खेपांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते. निम्मे चार्जिंग दोनदा केले की एक खेप धरावी. दुसरी वाट वयाची. बॅटरी नुसती पडून असली तरी पापुद्रा वाढतोच. उष्णता असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर फारच झपाट्याने.

इथेच आपली जुनी सवय नडते. शिशाची बॅटरी भरलेलीच ठेवावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच हिशेबाने आपण हा पंपही फुल्ल चार्ज करून उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवतो. लिथियमला नेमके तेच बाधते.

तरी सभासदांनी पुढील काळजी घ्यावी :

१) पंप महिनोन् महिने ठेवायचा असल्यास बॅटरी निम्मी भरून सावलीत, थंड जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून घ्यावी.

२) अगदी रिकामी करून ठेवू नये. तशी पडून राहिल्यास ती पुढे चार्जिंगच घेत नाही.

३) काम संपल्यावर बॅटरी निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

४) तिचाच चार्जर वापरावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर कदापि जोडू नये.

५) फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, भोसकू नये, उकिरड्यावर वा विस्तवात टाकू नये. आग लागण्याचा धोका असतो.

गेलेली ताकद परत येत नाही. उरलेली टिकवणे मात्र आपल्या हाती आहे. आपल्या पंपाची बॅटरी शिशाची की लिथियमची, हे तिच्यावरील चिठ्ठी वाचून आजच पाहून घ्यावे. दोघींची निगा वेगळी आहे.