पृष्ठविभाजन, बदलत्या सारणीचे

पुष्कळ नोंदी असलेली सारणी संगणकाच्या पडद्यावर एकदम न दाखविता ठराविक संख्येच्या गटांत दाखविण्याच्या पद्धतीस पृष्ठविभाजन म्हणतात. छापील ग्रंथाचे पृष्ठ एकदा मुद्रित झाले, की त्यावरील मजकूर स्थिर राहतो. संकेतस्थळावरील सारणीचे पृष्ठ मात्र वाचकाने मागणी करताच त्या क्षणी तयार होते. एक पृष्ठ वाचून दुसरे मागविण्याच्या दरम्यान मूळ नोंदींत भर पडली किंवा घट झाली, तर पृष्ठांच्या सीमा सरकतात. त्यामुळे काही नोंदी दोनदा दिसतात, तर काही मुळीच दिसत नाहीत.

जालना जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीवरून हे स्पष्ट होईल. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड, जाफराबाद, जालना व भोकरदन आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून हा जिल्हा अस्तित्वात आला. पुढे घनसावंगी, बदनापूर व मंठा या तालुक्यांची भर पडून तालुक्यांची संख्या आठ झाली. मूळची पाच नावे वर्णक्रमाने मांडून एका पृष्ठावर दोन नावे दाखविली, तर पहिल्या पृष्ठावर अंबड व जाफराबाद, दुसऱ्यावर जालना व परतूर आणि तिसऱ्यावर भोकरदन येईल. वाचक पहिले पृष्ठ पाहत असतानाच यादीत घनसावंगी हे नाव समाविष्ट झाले, असे समजू. आता पहिल्या पृष्ठावर अंबड व घनसावंगी ही नावे बसतात आणि जाफराबाद दुसऱ्या पृष्ठावर ढकलले जाते. वाचकाने दुसरे पृष्ठ उघडताच त्याला जाफराबाद पुन्हा दिसते. घनसावंगी मात्र दिसतच नाही. याउलट मूळ यादीतून अंबड वगळले गेले, तर जालना पहिल्या पृष्ठावर सरकते. पुढच्या पृष्ठावर गेलेल्या वाचकास परतूर व भोकरदन दिसतात आणि जालना त्याच्या नजरेतून सुटते.

कारण : या दोषाचे मूळ नोंदीचे स्थान हीच तिची ओळख मानण्यात आहे. ‘पहिल्या दोन नोंदी सोडून पुढील दोन द्या’ ही मागणी केवळ मोजणीवर आधारलेली असते. वाचकाने कोणत्या नोंदी पाहिल्या, याचा तीत उल्लेख नसतो. महाजालावर प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जात असल्यामुळे सर्व्हरलाही मागील पृष्ठाची आठवण आपोआप राहत नाही. शिवाय ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सारणीतील नोंदींना अंगभूत क्रम नसतो. म्हणून क्रम स्पष्टपणे सांगितला नाही, तर नोंदी न बदलताही दोन मागण्यांची उत्तरे वेगळ्या क्रमाने येऊ शकतात.

महसुली दप्तरातील परंपरा : संगणकापूर्वीच्या दप्तरांनाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तीत प्रत्येक नवी नोंद पुढील क्रमांकाने शेवटी लिहिली जाते. मध्ये घुसविली जात नाही. जमिनीच्या एखाद्या क्रमांकाची वाटणी झाली, तर ४५/१, ४५/२ असे पोटहिस्से पाडतात. ४६ व पुढील क्रमांकांना त्यामुळे धक्का लागत नाही. क्रमांक हे पानावरील स्थान नसून नोंदीची कायम ओळख आहे, हे तत्त्व यामागे दिसते.

उपाय : संगणकीय सारणीसाठी मुख्यतः दोन उपाय वापरतात. पहिला उपाय म्हणजे खुणेवरून पुढे जाणे. पृष्ठक्रमांकाऐवजी शेवटची पाहिलेली नोंद सांगून तिच्यापुढील नोंदी मागितल्या जातात. वरील उदाहरणात ‘जाफराबादनंतरची दोन नावे द्या’ असे म्हटल्यास घनसावंगीची भर पडो वा अंबड वगळले जावो, उत्तर जालना व परतूर असेच येते. योग्य निर्देशसूची असल्यास हा मार्ग जलदही ठरतो. मोजून सोडण्याच्या पद्धतीत सोडावयाच्या नोंदीही ओलांडाव्या लागतात. मात्र या मार्गाने एकदम सत्तराव्या पृष्ठावर उडी घेता येत नाही आणि मागे पडलेल्या भागात आलेली नवी नोंद यादी पुन्हा आरंभापासून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

दुसरा उपाय म्हणजे एका क्षणाची स्थिती गोठवून सर्व पृष्ठे तिच्यावरूनच दाखविणे. बेरीज, तपासणी वा छपाई यांसाठी हा उपाय योग्य होय. परंतु यात सर्व्हरवर भार पडतो व माहिती शिळी होत जाते. म्हणून ती कोणत्या वेळेची आहे, हे पृष्ठावर नमूद करावे लागते.

दोन्ही उपायांत क्रम निःसंदिग्ध असावा लागतो. केवळ तारखेनुसार क्रम लावल्यास एकाच तारखेच्या नोंदींचा आपसांतील क्रम अनिश्चित राहतो. म्हणून तारखेस नोंदक्रमांकाची जोड देतात. गट क्रमांक गावोगावी तेच असतात. त्यामुळे ओळख म्हणून गावाच्या संकेतांकासह गट क्रमांक घ्यावा लागतो. पोटहिस्से अक्षरे समजून लावल्यास ४५/१० हा ४५/२ च्या आधी येतो. त्यांची अंकांप्रमाणेच तुलना करावी लागते.

पडद्यावरील वर्तन : वाचकाने गाळणी किंवा क्रम बदलल्यास जुन्या पृष्ठक्रमांकास अर्थ उरत नाही, तेव्हा पहिल्या पृष्ठावर परतणे इष्ट. एखादी नोंद दुरुस्त केल्यावर मात्र वाचकास त्याच जागी ठेवावे. अखेरच्या पृष्ठावरील एकुलती एक नोंद वगळली गेल्यास रिकामे पृष्ठ न दाखविता त्यामागील पृष्ठ दाखवावे. २५ नोंदींच्या पृष्ठांत १०१ नोंदींना पाच पृष्ठे लागतात, १०० नोंदींना चारच पुरतात; म्हणून एकूण संख्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा काढावी लागते. नव्या नोंदी वाचकाच्या डोळ्यांदेखत मध्ये न घुसविता, त्या आल्याची सूचना देऊन त्या पाहण्याचा निर्णय त्याच्यावर सोपविणे श्रेयस्कर.

महत्त्व : पृष्ठविभाजनातील दोष सहसा लक्षात येत नाही, कारण प्रत्येक पृष्ठ स्वतंत्रपणे निर्दोष दिसते. त्याचे परिणाम मात्र गंभीर असू शकतात. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. प्रलंबित फेरफारांची यादी पृष्ठशः चाळणाऱ्या खातेदाराच्या नजरेतून आपल्याच जमिनीची नोंद सरकत्या सीमेमुळे सुटली, तर ही मुदत टळून जाऊ शकते. त्यामुळे यादी पूर्ण पाहिल्याचा वाचकाचा समज खरा ठरणे, हीच पृष्ठविभाजनाची कसोटी होय.