नाटक कंपनीत ‘शारदा’ कशी घडायची

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’ होता आणि त्या नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. रंगपटाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. त्या काळात कंपनीतल्या नायिका रंगवायचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. वय वर्षं एकवीस.

युरोपच्या ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, स्त्रीच्या उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाला ‘मेल सोप्रानो’ म्हणतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे स्त्रीपार्टी नट, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष. त्याची सुरुवातीची वाटचाल कशी असे, ते क्रमानं पाहू.

पहिली अडचण गळ्याची. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. यालाच आपण आवाज फुटणं म्हणतो. युरोपात एके काळी हे टाळण्यासाठी मुलांचं खच्चीकरण करत. आजचे तिकडचे गायक बहुधा स्वरतंतूंच्या कडाच कंप पावतील असा पातळ, कृत्रिम आवाज कमावतात. आपल्या रंगभूमीनं यातलं काहीच केलं नाही.

कंपन्या लहान मुलं घेत, ती गोड गात आणि मग एक दिवस आवाज फुटे. ऐन नावारूपाला आलेलं पोर भूमिकेतून उतरे. कंपनीचं गणित इथेच हमखास चुके.

नारायणरावांचा प्रवेश या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. लहानपणी जळगावात महबूबखाँ यांच्याकडे शिक्षण झालं. ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनी दिलं असं सांगतात. पण कंपनीत ते आले १९०५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना. कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार आणि तिथेच मुक्कामाला असलेल्या किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, या दोन्हींमागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा हात होता. कंपनीलाही गरज होतीच. तिचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते. नव्या नटाची पहिली भूमिका शकुंतलेची. माझ्या मते उशिरा येणं हेच त्यांचं भाग्य ठरलं, कारण त्या वयात गळा एकदाचा कुठे स्थिरावणार ते कळून चुकलेलं असतं.

मग तालीम. बायकांचा षड्ज साधारण काळी चार-पांढरी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या. नवखा नट पट्टी ओढून वर नेतो. आवाज किरटा होतो आणि काही महिन्यांत बसतो. बालगंधर्व स्वतःच्या नैसर्गिक गळ्यानंच गात. गायक भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाल्यावर लाडिक शब्दफेक, स्वराला अलगद स्पर्श आणि लहान, दाणेदार ताना यांतून नायिका उभी राहू लागली. स्त्रीत्व पट्टीत नव्हतं, उच्चारात होतं. मला तरी या सगळ्या प्रकरणातली हीच खरी मेख वाटते.

पुढचा टप्पा नेसण्या-चालण्याचा. इथे चूक उलट दिशेनं होते: नट मुरका जास्त मारतो आणि प्रेक्षक हसतात. बालगंधर्वांचं लुगडं, अंबाडा, गजरा इतका घरंदाज वाटे की प्रेक्षकांतल्या बायकाच त्यांचं अनुकरण करू लागल्या.

शेवटी प्रत्यक्ष प्रयोग. ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं, त्यात वन्समोअर, नाटक रात्री उशिरापर्यंत, नंतर पुढच्या गावाचा प्रवास. पहिल्याच अंकात गळा उधळणाऱ्याची चौथ्या-पाचव्या अंकात तारांबळ उडे. म्हणून गळा राखून गाणं हाही शिक्षणाचाच भाग.

१९११ मध्ये ‘मानापमान’ आलं. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली होती. तरी प्रयोग झाला. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, टेंबे आणि गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. उमेदवारीचा काळ इथे संपतो.

आपल्याला हा आवाज ऐकायचा असेल तर एक सावधगिरी बाळगा. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणत, पण नेमका वेग कमी-जास्त असे. वेग थोडा जरी वाढला तरी आवाज वर चढतो आणि गायक आहे त्याहून उंच पट्टीत गातोय असा भास होतो. शिवाय एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे रंगमंचावर वन्समोअर घेत फुलणारं पद तिथे आवरतं घेतलेलं मिळतं. तेव्हा पट्टी मोजत बसू नका, शब्द कसा टाकलाय तेवढं ऐका.